ड्रॅगन सोन्यावर का बसतो? (कल्पित प्राण्याचे शरीर, समाज आणि रिवाज)

निवडुंग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यातली सृष्टी सर्वस्वी कल्पित आहे: ज्वालामुखींची एक लांब रांग, तिच्या पायथ्याशी कोरडे पठार, पठारावर माणसांची गावे आणि रांगेत ड्रॅगन. लढायांचे प्रसंग भराभर लिहून झाले. पण लढत नसतात तेव्हा ड्रॅगन करतात काय, या प्रश्नापाशी लेखणी अडली. ते एकमेकांना भेटतात का, भेटल्यावर कसे वागतात, पिल्ले कोण वाढवते, म्हातारे कुठे जातात, यांतले काहीच मला ठाऊक नव्हते. सुचतील तसे रिवाज लिहून पाहिले, तर ते माणसांचेच रिवाज निघाले, फक्त शेपूट लावलेले.

म्हणून आता उलट्या टोकाने सुरुवात करायची आहे. आधी शरीर पक्के करायचे, शरीरावरून गरजा ठरवायच्या, गरजांवरून समाज, आणि रिवाज सर्वांत शेवटी. मुख्य कोडे सोन्याचे आहे. युरोपीय दंतकथांतला ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर बसलेला असतो आणि आपल्याकडेही पुरलेल्या धनावर नाग बसतो असे आजी सांगायची. गोष्टीपुरते लोभ हे कारण चालून जाते. परंतु जे खाता येत नाही, विकता येत नाही आणि अंगाखाली टोचते, ते शेकडो वर्षे राखण्यामागे शरीराची काही गरज असल्याखेरीज माझे समाधान होणार नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

आडवाट

ताई, पहिली अडचण पायांची आहे. मासे सोडले तर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अवयवांच्या दोनच जोड्या असतात. पक्षी, वटवाघूळ आणि टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातले उडते सरपटणारे प्राणी) या तिघांनीही पुढच्या पायांचेच पंख केले. तेव्हा चार पाय आणि शिवाय दोन पंख हवे असतील, तर ते पंख कशाचे, हे आधी सांगावे लागेल.

एक वाट मात्र आपल्याच पश्चिम घाटात दिसते. गोव्यापासून दक्षिणेकडे केरळपर्यंतच्या जंगलांत आणि सुपारीच्या बागांत उडता सरडा आढळतो. त्याचे शास्त्रीय नावच ‘ड्रॅको डुस्सुमिएरी’ असे आहे. त्याचे चारही पाय शाबूत असतात आणि पंख म्हणजे लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी असते. झाडावरून झेप घेतल्यावर तो पुढच्या पंजांनी त्या कातडीची कड धरून ताणतो, हे छायाचित्रांवरून अलीकडेच, २०१७ मध्ये, नीट मांडले गेले. पण हे पंख फडफडत नाहीत, नुसते तरंगवतात. म्हणून निवड करावी लागेल: सहा अवयवांचा ड्रॅगन कड्यावरून तरंगत खाली येईल, जमिनीवरून उठणारा ड्रॅगन चारच अवयवांचा असेल.

निवडुंग

मग चारच अवयव ठेवते. कड्यावरून फक्त खाली येणारा प्राणी माझ्या कथानकाला पुरणार नाही.

माळढोक

आता वजनाचे पाहू. माझ्या सदस्यनामाचा पक्षी सुमारे १५ किलोंचा असतो आणि तेवढ्या वजनाला हवेत उचलतानाही त्याची दमछाक दिसते. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांची कमाल मर्यादा साधारण २० किलोंच्या आतबाहेर आहे. कारण साधे आहे. प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट.

टेरोसॉरांनी ही मर्यादा बरीच पुढे ढकलली. टेक्ससमध्ये १९७१ साली ज्याची हाडे सापडली, त्या क्वेट्झलकोअ‍ॅटलसच्या पंखांचा विस्तार १० ते ११ मीटर आणि वजन सुमारे २०० ते २५० किलो मानतात. पोकळ हाडे, शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या, आणि उड्डाणाच्या वेळी मागच्या पायांऐवजी बळकट पुढच्या पायांवर घेतलेली उसळी, असे त्याचे भांडवल होते. आपल्या सृष्टीतली हवा आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीसारखेच असेल, तर उडणारा ड्रॅगन २५० किलोंवर जाऊ देऊ नये. म्हणजे तो भल्या खिल्लार बैलाहूनही हलका भरेल. किल्ल्याएवढा ड्रॅगन उडताना दाखवला, की माझ्यासारखा वाचक पुस्तक मिटून ठेवतो. हा दोष माझा असेलही.

निवडुंग

पण मला किल्ल्याएवढा नसला तरी हत्तीएवढा ड्रॅगन हवाच आहे. गुहेत बसलेली ती प्रचंड आकृती सोडून द्यायला मन धजत नाही.

माळढोक

तीही मिळेल. ती उडत नाही, एवढे मान्य करा.

मगरी-सुसरी, अजगर, कासवे यांच्या अनेक जाती प्रौढ झाल्यावरही सावकाश का होईना, वाढत राहतात. कोमोडो ड्रॅगनचे उदाहरण तर नेमके आहे. त्याची पिल्ले सुरुवातीची काही वर्षे झाडांवर काढतात, कारण खाली मोठे कोमोडो त्यांना खाऊन टाकतात. वजन वाढल्यावर त्यांना चढता येत नाही आणि ते कायमचे जमिनीवर येतात. एकाच जन्मात दोन निरनिराळी आयुष्ये. तुमच्या ड्रॅगनलाही असेच वाढत राहू द्या. पहिली साठ-सत्तर वर्षे तो आकाशात राहील. मग एका वर्षी लक्षात येईल, की भरल्या पोटी उठता येत नाही. पुढे रिकाम्या पोटीही जमणार नाही. त्यानंतरची दोन-तीनशे वर्षे तो गुहेत असेल. एवढे आयुष्य अशक्य मानण्याचे कारण नाही. ग्रीनलंड शार्कचे वय २०१६ मध्ये मोजले, तेव्हा सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची असावी असे निघाले होते.

ओवी

माळढोक यांचा प्रतिसाद वाचून एकदम लख्ख झाले. म्हणजे हे दोन वयांचे दोन समाज आहेत: उडते आणि बैठे. आता खरा प्रश्न असा, की उडत्यांनी बैठ्यांना अन्न का आणून द्यावे? सरपटणाऱ्या प्राण्यांत आईवडिलांना पोसण्याची चाल नाही. नुसता आदर हे उत्तर दिले, तर ताई म्हणतात तसे शेपूट लावलेले माणूसच होईल.

माझ्या मते बैठ्यांकडे उडत्यांना न मिळणाऱ्या दोन गोष्टी असाव्यात. पहिली म्हणजे आठवण. टांझानियातल्या तरंगिरे येथे १९९३ साली कडक दुष्काळ पडला, तेव्हा वयस्क माद्यांच्या मागून उद्यानाबाहेर पडलेल्या हत्तींच्या कळपांनी कमी पिल्ले गमावली. आधीचा मोठा दुष्काळ पाहिलेल्या हत्तिणीच त्या कळपांत होत्या, हे त्याचे कारण असावे असे अभ्यासकांचे अनुमान आहे. ज्वालामुखींच्या रांगेत राहणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी कोणता डोंगर फुटला आणि त्याआधी कोणते झरे आटले, हे सांगणारी म्हातारी अन्नाच्या मोलाची आहे.

दुसरी गोष्ट ऊब. अंडी उडत्या माद्यांनी घालावीत आणि बैठ्यांनी उबवावीत, असे का नसावे? मोठे शरीर सावकाश थंड होते. मगरीच्या अंड्यांत पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवर नव्हे, तर घरट्याच्या तापमानावर ठरते. आपल्याकडच्या मगरीच्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत २८ ते ३१ अंश सेल्सिअसला सगळ्या माद्या निघाल्या, ३२.५ अंशांना सगळे नर, आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही. दीड अंशात सगळा हिशेब उलटतो! ड्रॅगनांतही असेच असेल, तर अंड्यांखालची उष्णता ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती हे ठरवणे. राजकारणाला याहून मोठे भांडवल काय हवे?

तांबट

मग सोन्याचे कोडेही इथेच सुटते. मी धातूंशी रोज झगडणारा माणूस आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दगडावर अंडी ठेवली, तर म्हातारीचे पोट टेकते तिथे ऊब आणि वीतभर बाजूला गारठा. सोन्यातून उष्णता ग्रॅनाइटच्या शंभरपटीहून अधिक सहज वाहते. सोन्याच्या एकसंध थराखाली एका टोकाला ऊब दिली, तर ती सगळीकडे सारखी पसरेल आणि ओवी म्हणतात तो दीड अंश सांभाळता येईल. चांदी आणि तांबे या कामी सोन्याहून सरस आहेत, हे कबूल. परंतु ज्वालामुखीच्या गुहेत गंधकाचे वायू असणारच. त्यांत चांदी काळी पडते आणि तांबे खात जाते. सोन्याला काही होत नाही. दोनशे वर्षे टिकणारी उबवणी हवी असेल, तर दुसरा धातू नाही.

फक्त एक दुरुस्ती करावी लागेल. नाण्यांचा ढीग उपयोगाचा नाही. नाण्यांमध्ये हवा राहते आणि हवा उष्णता अडवते, म्हणून चित्रांत दिसतो तसा मोहरांचा डोंगर ही अगदी वाईट उबवणी ठरेल. ड्रॅगनाला तो वितळवून लादी करावी लागेल. सोने १०६४ अंशांना वितळते. दोन मीटर लांब, तितकीच रुंद आणि दोन सेंटिमीटर जाड लादी म्हटली, तर वजन दीड टनाहून थोडे अधिक भरते. तोंडातून फेरीला एक किलो आणायचे म्हटले, तरी दीड हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. म्हणजे एका घराण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम.

आडवाट

कल्पना देखणी आहे, पण १०६४ अंश येणार कुठून? निसर्गातला सगळ्यांत जवळचा नमुना म्हणजे बॉम्बार्डियर भुंगेरा. तो हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पोटातल्या एका कप्प्यात साठवतो आणि दुसऱ्या कप्प्यातल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने त्यांचा स्फोट घडवून शत्रूवर उकळता फवारा मारतो. तो फवाराही सुमारे १०० अंशांचाच. त्यावर चहा होईल, सोने वितळणार नाही.

मिथेनचे नाव कोणी घेण्याआधीच सांगतो: तो वायू मुख्यतः चारा आंबवणाऱ्या रवंथी पोटांत तयार होतो. मांस खाणाऱ्याच्या पोटात त्याचा पुरेसा साठा मिळणे कठीण.

तांबट

ज्योतीचे तापमान इंधनापेक्षा फुंकरीवर अधिक अवलंबून असते. सोनार साध्या दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकर मारून बारीकसा तुकडा वितळवतो. मोठ्या गोळ्यासाठी मूस आणि कोळसा लागतो. ड्रॅगनाने सगळी लादी एकदम वितळवायची नाही, नाणे नाणे करून जोडायचे आहे. अरुंद नळीतून जोरात हवा मारणारी फुप्फुसे त्याच्याकडे आहेतच. माळढोक यांनी सांगितलेल्या हवेच्या पिशव्या भात्याचे काम करतील. इंधन तेवढे कोणी सुचवा.

ओवी

इंधन मी सुचवते. फुल्मार नावाचा समुद्रपक्षी आहे. त्याच्या आणि त्याच्या आप्तांच्या जठरात खाल्लेल्या भक्ष्यातून तेल साठते. लांबच्या उड्डाणात हे तेल शिदोरीसारखे वापरले जाते, पिल्लांनाही तेच भरवतात, आणि कोणी घरट्याजवळ आले तर त्याच्या अंगावर तेच थुंकतात. या तेलाची उष्णता देण्याची शक्ती डिझेलच्या जवळपास जाते. ड्रॅगनाच्या पोटात असे तेल असू द्यावे. पेटवण्यासाठी हाडांतल्या फॉस्फरसपासून तयार होणारे, हवा लागताच आपोआप पेटणारे एखादे संयुग कल्पावे. डायफॉस्फेन तसे असते. एवढी सूट कादंबरीला द्यायला हरकत नसावी.

मात्र एक गोष्ट विसरू नये. शत्रूवर ओकायची आग आणि पिल्लाच्या तोंडात घालायचा घास, हे दोन्ही एकाच पिशवीतून येतात.

निवडुंग

ओवी, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी अर्धा तास काही लिहिले नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात ड्रॅगन पानापानांवर आग ओकत होते. आता ते सगळे प्रसंग पुन्हा लिहावे लागतील, कारण आग ओकणारी मादी त्या दिवशी पिल्लांना उपाशी ठेवत असेल, आणि लादीला नाणे जोडणारा प्रत्येक जण आपला घास जाळत असेल.

यावरून आज जे रिवाज सुचले, ते इथे मांडते. वीण चालू असलेल्या गुहेत आग निषिद्ध असते. तिथे शिरण्यापूर्वी बाहेरच्या कातळावर तेल टाकून यायचे आणि ते आतल्या पिल्लांना चाटायला सोडायचे. भेटीच्या वेळी धाकट्याने आपले नाक मोठ्याच्या उघड्या जबड्यात ठेवायचे. (हत्ती भेटताना सोंडेचे टोक एकमेकांच्या तोंडात घालतात, त्यावरून हे सुचले.) मोठ्याच्या घशाला तेलाचा वास येतो की नाही, हे धाकट्याला तिथेच कळते, आणि तो कळू देणे हाच मोठ्याचा विश्वास. प्रियाराधनात नर मादीपुढे आपली आग दाखवत नाही. तो तिच्या आजीच्या लादीला सर्वांच्या देखत एक नाणे जोडून दाखवतो.

माळढोक

शेवटचा रिवाज जीवशास्त्रालाही धरून आहे. अमोत्झ झहावी यांनी १९७५ साली असे मांडले होते, की जो संकेत देणाऱ्याला महाग पडतो, तोच विश्वासार्ह असतो. मोराचा पिसारा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. उपाशी नराला तेल जाळणे परवडणार नाही, म्हणून इथे खोटे बोलता येत नाही.

गुहावासी

उशिरा आलो, क्षमस्व. सर्व प्रतिसाद वाचले. तरी विचारतो, की ड्रॅगन म्हणजे युरोपीयच का धरायचा? चीनमधला ड्रॅगन पाण्यात राहतो, पाऊस देतो, त्याला बहुधा पंख नसतात, आणि चारही समुद्रांचे राज्य चार ड्रॅगनराजांकडे असते. शिवाय मराठीत लिहिताना ‘ड्रॅगन’ हा शब्द कानाला खटकतो. ‘व्याल’ का वापरू नये?

निवडुंग

चिनी ड्रॅगनाचा समाज हा दरबाराचा समाज आहे. त्यासाठी वेगळी कादंबरी लागेल, आणि ती माझ्या हातून होणार नाही. ‘व्याल’ म्हटले की मला देवळाच्या खांबावरचा, सिंहाच्या अंगाचा प्राणी दिसतो. ‘ड्रॅगन’ आता शाळकरी मुलांनाही कळतो, म्हणून तोच ठेवते.

आडवाट

माझी शेवटची शंका. ज्वालामुखी हाताशी असताना सोन्याचा एवढा उपद्व्याप कशाला? इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा मालेओ पक्षी ज्वालामुखीच्या किंवा उन्हाच्या उष्णतेने तापलेल्या वाळूत अंडे पुरतो आणि निघून जातो. त्याचाच एक नातलग आपल्या निकोबार बेटांवर पालापाचोळा आणि वाळूचे ढीग रचून त्यांत अंडी घालतो. ऊब फुकट मिळत असेल, तर ना म्हातारी लागते ना लादी.

तांबट

वाळूची ऊब जागोजागी आणि दिवसागणिक बदलते. तिच्यावर दीड अंशाचा हिशेब चालणार नाही.

ओवी

पण आडवाट यांचा मुद्दा सोडून देऊ नये. मालेओचे पिल्लू वाळूतून स्वतः वर येते, जवळजवळ लगेच उडू शकते आणि आईवडिलांना कधीच भेटत नाही. तुमच्या रांगेच्या दूरच्या टोकाला असेही ड्रॅगन असू द्या. त्यांना लादी नाही, आजी नाही, निषिद्ध काही नाही, नाक कोणाच्या जबड्यात ठेवायचे हे ठाऊक नाही. वजन वाढून जमिनीवर आले की त्यांना कोणी अन्न आणून देत नाही, म्हणून त्यांच्यात म्हातारे नसतातच. पठारावरच्या माणसांच्या लेखी दोन्ही ड्रॅगनच. गावे जाळणारे कोणते आणि न जाळणारे कोणते, हे त्यांना कसे कळावे? लादीवाल्यांना आग महाग आहे. वाळूवाल्यांना कोणाला भरवायचेच नसल्यामुळे ती स्वस्त आहे.

निवडुंग

हे घेतले! माझ्या तिसऱ्या प्रकरणात एक माणूस गुहेत शिरून सोने चोरतो आणि मागोमाग त्याचे गाव जळते. आतापर्यंत मी तो सूड म्हणून लिहिला होता. तांबट, एकसंध लादीतून एकट्या माणसाला काय नेता येईल?

तांबट

सोने मऊ असते. चांगली छिन्नी आणि हातोडा असेल, तर एखादा कोपरा सहज निघेल. दोन सेंटिमीटर जाडीचा तळहाताएवढा तुकडा म्हटला, तरी तीनेक किलो भरेल. आवाज मात्र फार होणार नाही, सोने ठणाणत नाही.

निवडुंग

म्हणजे म्हातारीला पत्ताही लागणार नाही. कोपरा गेला, त्या बाजूची अंडी उघड्या दगडावर आली आणि तिथली ऊब अंशा-दोन अंशांनी उतरली. माणूस सुखरूप घरी पोचतो आणि गावही जळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अंडी फुटतात, तेव्हा ज्या कडेला चार नर ठरलेले होते तिथे चार माद्या निघतात, आणि म्हातारी पहिल्यांदाच उठून लादीभोवती नाक लावून फिरू लागते. तिसरे प्रकरण आता इथून सुरू करते.